मीठ, पीठ आणि विषमज्वर

“डॉक्टर, आम्ही झऱ्याचं पाणी पितो. आरशासारखं स्वच्छ असतं!” खानापूरकडच्या एका वाडीतील तीन मुले एकाच आठवड्यात विषमज्वराने माझ्याकडे दाखल झाली, तेव्हा त्यांतील एकीच्या आईने हे ठामपणे सांगितले. मला लाउझेन आठवले.

लाउझेन हे स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळचे खेडे. वस्ती सुमारे आठशे. १८७२ च्या ऑगस्टमध्ये तेथे विषमज्वराची साथ उसळली व शंभराहून अधिक माणसे अंथरुणाला खिळली. आजार होता सार्वजनिक झऱ्याचे पाणी पिणाऱ्यांत. स्वतःच्या विहिरी असलेली घरे बचावली. टेकडीपलीकडच्या खोऱ्यात त्याआधी विषमज्वराचे रुग्ण होते आणि तेथील घाण ओढ्यात जात असे. पण ते पाणी टेकडी कशी ओलांडणार?

डॉ. हेग्लर यांनी पलीकडे पाणी जेथे जमिनीत जिरत होते, तेथे भरपूर मीठ विरघळवून सोडले. लाउझेनच्या झऱ्यात क्षार वाढला. मग त्यांनी पीठ कालवून ओतले. ते मात्र पलीकडे पोचलेच नाही. म्हणजे पाणी वाटेत गाळले जात होते, आणि तरीही रोग आला होता! पिठाचा कण अडविणारी चाळणी त्याहून कितीतरी लहान जंतूला अडवीलच असे नाही. तो जंतू एबर्थ यांना दिसला १८८० मध्ये. हेग्लर यांनी त्याची वाट आधीच शोधली होती.

चुनखडीच्या, म्हणजे कार्स्ट प्रदेशात तर अशी चाळणीही बहुधा नसते. पावसाचे किंचित आम्ल पाणी खडक विरघळविते, भेगांच्या नळ्या होतात आणि पाणी दिवसाला शेकडो मीटर, कधी किलोमीटरही धावते. १८७७ मध्ये जर्मनीत क्नोप यांनी इमेन्डिंगेनजवळ जमिनीत लुप्त होणाऱ्या डॅन्यूबच्या पाण्यात १० किलो फ्लुओरेसिन सोडले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा चमकू लागला. त्या झऱ्याचे पाणी पुढे ऱ्हाइनला मिळते! आपले नेत्रतज्ज्ञ मित्र बुबुळावरील ओरखडा पाहण्यासाठी वापरतात, तेच हे द्रव्य.

आपल्याकडचा कातळ चुनखडीचा नव्हे. पण भेगा त्यालाही आहेत. म्हणून मी त्या माउलीला विचारले, “झऱ्याच्या वरच्या अंगाला कोणाची वस्ती आहे का?”

“आहे की एक वाडी,” ती म्हणाली, “पण ती डोंगराच्या पलीकडे.”