जपानबाहेर न आलेली शर्यत

निन्टेन्डोच्या 'गेम बॉय अॅडव्हान्स' या हातात मावणाऱ्या खेळयंत्रासाठी सुझॅक या संस्थेने रचलेला आणि 21 ऑक्टोबर 2004 रोजी केवळ जपानच्या बाजारात दाखल झालेला 'एफ-झीरो क्लायमॅक्स' हा खेळ, चाकांवाचून भूमीच्या किंचित वर तरंगत धावणाऱ्या यानांची, 1990 साली आरंभलेली परंपरा पुढे चालवतो. रुंदीत 240 आणि उंचीत 160 ठिपक्यांच्या इवल्या पडद्यावर सपाट चित्र तिरपे व लहानमोठे करून खोलीचा जो आभास उभा केला आहे, तो वस्तुतः दृष्टिभ्रमच. पण शर्यत ऐन भरात असताना ते ध्यानात कोणाच्या राहणार! याहूनही मोलाची, निदान प्रस्तुत लेखकाच्या मते, ती खेळाडूला दिलेली मार्गरचनेची मुभा: स्वतः आखलेला मार्ग त्याच कार्ट्रिजमध्ये जतन करावा, आणि तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्राकडे, अथवा नुसत्या सांकेतिक अक्षरांच्या द्वारे, खुशाल रवाना करावा. यंत्रात प्रदेशबंदीचे कुलूप मुळीच नव्हते, त्यामुळे परमुलखातील शौकिनांनी हे कार्ट्रिज मागवले तरी ते बिनतक्रार चाले. अडसर होता तो जपानी लिपीचा. जपानबाहेर अधिकृत प्रवेश मिळाला तो ऑक्टोबर 2024 मध्ये, निन्टेन्डोच्याच 'स्विच' या खेळयंत्राच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गणीदारांसाठी.