मोटारीच्या रेडिएटरची गळती
रेडिएटरमधील कूलंट वरचेवर कमी होत असल्यास नुसती भर घालीत राहूं नये. ऐन वाटेंत इंजिन तापून त्याचें हेड वांकल्यास खर्च अनेकपट होतो. यास्तव गळतीचें स्थान आधीं शोधावें.

इंजिन गरम असतां टोपण कदापि उघडूं नये. दाबाखालील उकळता द्रव उसळून तोंड भाजतें. गाडी थंड झाल्यावर कूलंट खुणेपर्यंत भरावें, थोडी फेरी मारून आणावी व रात्रभर खालीं कोरा पुठ्ठा पसरावा. रंगीत थेंब अगदीं पुढें पडल्यास रेडिएटर किंवा रबरी नळी, पट्ट्याच्या बाजूस पडल्यास बहुधा पाण्याचा पंप तपासावा. स्वच्छ, बिनरंगी पाणी वातानुकूलन यंत्राचें असूं शकतें. पुठ्ठा कोरडा राहून कूलंट घटलें आणि इंजिनचें तेल दुधट दिसलें, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. अशी गाडी चालवूं नये.

नळीची क्लिप सैल असल्यास आवळावी. चिरलेली नळी व गळका पंप बदलावा. पितळी रेडिएटरास डाख देतां येतो.

काढलेलें कूलंट मात्र भांड्यांतच धरावें. त्यांतील ग्लायकॉल गोड परंतु विषारी असतें. तें चाटून कुत्रें किंवा वासरूं दगावण्याचा संभव असतो.