संथ खेळ आणि प्रेक्षकांचा संताप

बडोद्याहून हालोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोटंबी येथे जे नवे क्रीडांगण उभे राहिले आहे, त्यावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना २२ डिसेंबर २०२४ रोजी झाला, आणि तो स्त्रियांचा होता. भारतीय महिलांनी वेस्ट इंडीजचा २११ धावांनी पराभव केला. दोनच दिवसांनी त्याच मैदानावर त्यांनी ५ बाद ३५८ धावांचा डोंगर रचला. हरलीन देओलने ११५ धावा काढल्या. तिसरा सामनाही भारतानेच जिंकला. प्रेक्षक तृप्त मनाने घरोघर परतले.

त्यानंतर दहाच महिन्यांनी, २०२५ च्या विश्वचषक स्पर्धेत, हाच संघ लागोपाठ तीन सामने हरला आणि कौतुकाची जागा संतापाने घेतली. चेंडू वाया दवडतात, मधल्या षटकांत खेळ मंदावतो, शेवटच्या घटकेला हातपाय गळतात, पाचच गोलंदाज घेऊन मैदानात उतरतात, अशा तक्रारी सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. हा राग केवळ पराभवाचा नव्हता. तो खेळाच्या पद्धतीवर होता. अशा रागात तथ्य किती आणि उतावीळपणा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

संथ खेळ म्हणजे काय, हे बडोदेकरांना निराळे सांगावयास नको. सांगलीत जन्मलेले आणि बडोदे संस्थानच्या सेवेत आलेले विजय हजारे यांनी १९४७ साली बडोद्यातच झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध २८८ धावा केल्या. गुल महंमद यांच्या ३१९ धावांच्या साथीने त्या दोघांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भर घातली. ही भागी ५३३ मिनिटांत झाली, म्हणजे मिनिटाला एकाहून अधिक धाव पडली. याच बडोद्याच्या अंशुमन गायकवाड यांनी १९८३ साली जालंदर येथे पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा काढल्या, त्यासाठी ते ६७१ मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर उभे होते. एकाच गावच्या मातीत दोन्ही रीती रुजल्या आणि दोन्हींना मान मिळाला. कारण कसोटी सामन्यात वेळ ही संघाची ठेव असते. बाद न होता टिकून राहणे हेही तेथे संघाचे कामच ठरते.

मर्यादित षटकांच्या सामन्यात हा हिशेब पालटतो. तेथे पन्नास षटके, म्हणजे तीनशे चेंडू, आणि दहा गडी एवढेच भांडवल हाती असते. तीनशेपैकी निम्म्या चेंडूंवर एकही धाव निघाली नाही, तर तीनशे धावांचा पल्ला गाठण्यास उरलेल्या प्रत्येक चेंडूवर सरासरी दोन धावा काढाव्या लागतात. म्हणूनच एकेक धाव पळून काढण्याचे मोल चौकाराएवढेच असते. प्रेक्षकांना चौकार आठवतो; निर्धाव चेंडू कोणाच्या लक्षात राहात नाही, मात्र त्याचे कर्ज शेवटच्या दहा षटकांत व्याजासह फेडावे लागते. या दृष्टीने पाहता प्रेक्षकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

ही तक्रार जुनी आहे. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २२९ धावांचे लक्ष्य समोर असता भारताची स्थिती ३ बाद १९१ अशी भक्कम होती. उरलेले सात गडी २८ धावांत गेले आणि सामना ९ धावांनी हातचा निसटला. पुढच्या वर्षी वीस षटकांच्या विश्वचषकात मिताली राज यांनी पाकिस्तान व आयर्लंड यांच्याविरुद्ध अर्धशतके काढली होती. तरीही इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात त्यांना वगळण्यात आले. त्या दिवशी भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडने आठ गडी राखून विजय मिळविला. त्यानंतर जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : संघाला टिकणारा खेळाडू हवा की वेगाने धावा करणारा?

वस्तुतः उत्तर या दोहोंपैकी एकात नाही, हे २०२५ च्या दोन पराभवांवरून दिसून येते. १२ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ३३० धावा केल्या, पण सारा संघ ४८.५ षटकांतच बाद झाला. सात चेंडू न खेळताच राहिले. ऑस्ट्रेलियाने अलिसा हीली यांच्या १४२ धावांच्या जोरावर तो आकडा पार केला. त्यानंतर आठवड्याने इंदूर येथे इंग्लंडने २८९ धावांचे लक्ष्य दिले. स्मृती मंधाना यांनी ८८, हरमनप्रीत कौर यांनी ७० आणि दीप्ती शर्मा यांनी ५० धावा केल्या. तथापि पन्नास षटके संपली तेव्हा भारताच्या ६ बाद २८४ धावा झाल्या होत्या. सामना चार धावांनी गेला आणि चार गडी शिल्लक राहिले. एका ठिकाणी गडी संपले व चेंडू उरले, दुसऱ्या ठिकाणी चेंडू संपले व गडी उरले. दोन्ही भांडवले बरोबरीने खर्च करण्याची कला हीच या खेळातील खरी विद्या होय.

इंदूरच्या सामन्याला आणखी एक पदर होता. पाच गोलंदाज अपुरे पडतात ही टीका सर्वत्र चालू होती. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज यांना वगळून रेणुका सिंग यांना खेळविण्यात आले. गोलंदाजीची उणीव भरली, परंतु फलंदाजीतील एक भरवशाचा हात कमी झाला, आणि हार झाली ती अवघ्या चार धावांनी. बाहेरून सोपा वाटणारा उपाय संघाच्या दुसऱ्या टोकाला कसा खड्डा पाडतो, याचा हा बोलका दाखला आहे. अकराच जागा असतात. एक पारडे जड केले की दुसरे वर जाते.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. जेमिमा संघात परतल्या. ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या असता भारताने ४८.३ षटकांत ५ बाद ३४१ धावा करून उपान्त्य सामना जिंकला. त्यांत जेमिमांच्या नाबाद १२७ होत्या. या स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने ग्रासलो होतो, हे त्यांनी सामन्यानंतर डोळ्यांत पाणी आणून सांगितले. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात, जखमी प्रतिका रावल यांच्या जागी ऐनवेळी आलेल्या शेफाली वर्मा यांनी ८७ धावा केल्या आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता चेंडू हाती घेऊन दोन गडी टिपले. दीप्ती शर्मा यांनी ५८ धावा करून पाच गडी बाद केले. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवून भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. बडोद्याकडून खेळणाऱ्या राधा यादव त्या संघात होत्या. बडोद्याच्याच यास्तिका भाटिया यांना मात्र दुखापतीमुळे स्पर्धेला मुकावे लागले होते.

विजयाने टीकाकार खोटे ठरले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांनी दाखविलेली उणिवेची जागा बरोबर होती. कारण मात्र पुष्कळदा चुकीचे लावले गेले. वेगाने धावा करणे हा केवळ धैर्याचा प्रश्न नसतो. त्यासाठी लहानपणापासून चांगल्या खेळपट्ट्या, शरीर कमावण्याची सोय आणि मुख्य म्हणजे अटीतटीचे भरपूर सामने लागतात. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली, पहिला कसोटी सामना १९७६ साली झाला, आणि नियामक मंडळाच्या छत्राखाली हा खेळ आला तो २००६ साली. पुरुषांइतके सामना-मानधन २०२२ साली जाहीर झाले. महिला प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली. अशा स्पर्धांतून काय घडू शकते, हे कोटंबीच्याच मैदानावर १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दिसले. गुजरात जायंट्सच्या २०१ धावा बंगळूरच्या संघाने नऊ चेंडू राखून ओलांडल्या आणि त्यांत रिचा घोष यांनी २७ चेंडूंत नाबाद ६४ धावा केल्या. ज्यांना असा सराव मिळतो, त्यांच्या हातून वेगवान खेळ होतो.

या संतापाची आणखी एक बाजू आहे. २००५ साली भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ९८ धावांनी हरल्या, तेव्हा रागावणारे फारसे कोणी नव्हते, कारण पाहणारेच थोडे होते. उपेक्षेपेक्षा राग बरा. तो आपलेपणातून येतो. परंतु आपलेपणाबरोबर जबाबदारीही येते. मधल्या षटकांत धावा का आटल्या, शेवटी गडी का उरले, हे विचारण्याचा प्रेक्षकांना पूर्ण अधिकार आहे. एका खेळाडूला गाठून तिच्या झोपेची, अन्नाची आणि मनःस्वास्थ्याची राखरांगोळी करण्याचा अधिकार त्यांत येत नाही. खेळाची चिकित्सा आणि खेळाडूची अवहेलना यांतील सीमारेषा ज्या प्रेक्षकांना कळते, त्यांच्या टीकेने संघ सुधारतो. बडोद्याने हजाऱ्यांचा वेग पाहिला आणि गायकवाडांचा संयमही पाहिला. म्हणून कोटंबीच्या बाकांवर बसणाऱ्यांकडून या विवेकाची अपेक्षा थोडी अधिकच करावी लागते.