मोटारीच्या रंगावरील संरक्षक लेपन

मोटारीच्या रंगावरील संरक्षक लेपन म्हणजे मोटारीच्या मूळ रंगाचे ऊन, पाणी, धूळ, रसायने व ओरखडे यांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यावर मेण, कृत्रिम बहुवारिक, सिरॅमिक द्रव किंवा पारदर्शक फिल्म यांचा थर चढविण्याची क्रिया होय. हा थर स्वतः झिजतो आणि मूळ रंगाची झीज लांबवितो. लेपनाचे यश थरांच्या संख्येपेक्षा खालील पृष्ठभागाची स्वच्छता आणि थरांचा क्रम यांवर अधिक अवलंबून असते. अमरावती, अकोला आणि वऱ्हाडाच्या इतर भागांत तीव्र उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि क्षारयुक्त भूजल हे तिन्ही घटक एकत्र येत असल्याने लेपनाची वेळ व पद्धत यांना विशेष महत्त्व आहे.

## रंगथरांची रचना

आधुनिक मोटारीचा रंग एकसंध नसून चार थरांचा बनलेला असतो. पत्र्यालगतचा पहिला थर विद्युत्-निक्षेपणाने बसविलेला असून तो गंजापासून रक्षण करतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटा देणारा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. या पारदर्शक थराला व्यवहारात 'क्लिअर कोट' म्हणतात. चारही थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन असते. त्यांपैकी पारदर्शक थराचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजेच मोटारीची झळाळी केसाहून पातळ अशा एका थरावर टिकून असते.

पारदर्शक थरात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ओरखडे घालविण्यासाठी केलेल्या प्रत्येक पॉलिशमध्ये हा थर थोडा खरवडला जातो. जोरकस पॉलिशमध्ये एक ते काही मायक्रॉन इतका भाग निघून जातो. थर फार पातळ झाला की त्याखालील रंग फिकट पडू लागतो आणि टप, बॉनेट अशा सपाट भागांवर सालपटे निघू लागतात. अशा वेळी पॉलिश किंवा लेप यांचा उपयोग होत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. संरक्षक लेपाचा मुख्य हेतू चमक वाढविणे हा नसून पॉलिश करण्याची गरज कमीत कमी वेळा पडावी हा असतो.

## इतिहास

प्रारंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणे तेलरंग दिला जाई. तो वाळण्यास अनेक दिवस लागत आणि त्याची चमक राखण्यासाठी वरून मेण लावले जाई. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचा 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोज रंग प्रचारात आला. त्यामुळे रंगकामाचा वेळ कमी झाला; परंतु या रंगाला पुन्हा पुन्हा पॉलिश करावे लागे. रंगछटा आणि पारदर्शक थर वेगवेगळे देण्याची पद्धत १९८० च्या दशकात जगभर रूढ झाली. भारतात अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या काळातील रंग एकाच थराचे असत. असा रंग पॉलिश करताना फडक्याला मोटारीचा रंग लागतो. पारदर्शक थर असलेल्या मोटारीत तसे होत नाही. जुन्या मोटारीवरील रंगाचा प्रकार ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

## वऱ्हाडातील परिस्थिती

### ऊन

अमरावती व अकोला येथे मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या मोटारीचा पत्रा हवेपेक्षा २० ते ३० अंशांनी अधिक तापू शकतो. तापलेला पारदर्शक थर मऊ होऊन प्रसरण पावतो. त्यावर पक्ष्याची विष्ठा पडून वाळली, तर संध्याकाळी थंड होताना थर तिच्याभोवती आवळला जातो आणि तेथे कायमचा खड्डेवजा डाग राहतो. आंब्याच्या झाडाखाली मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे पडणारा चिकट द्रवही असाच तापून घट्ट बसतो.

### पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल खारे असते. खारपाणपट्ट्याबाहेर, बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील विहिरी व बोअरवेल यांचे पाणीही कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे बहुधा जड असते. याउलट, अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणातून आणि अकोला शहराला काटेपूर्णा धरणातून मिळणारे नळाचे पाणी सामान्यतः कमी क्षारांचे असते. मोटारीवर वाळलेल्या थेंबातील पाणी उडून जाते, परंतु क्षार मागे राहतात. साधे मीठ पुढच्या धुण्यात विरघळते. कॅल्शियमचे कार्बोनेट विरघळत नाही आणि पांढऱ्या कड्यांच्या रूपाने चिकटून बसते. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतील पाण्याची वाफ होत राहिल्याने उरलेल्या पाण्यातील क्षार वाढत जातात. त्यामुळे खिडकीच्या कूलरखाली उभ्या केलेल्या मोटारीवर असे डाग विशेष दिसतात.

घरच्या पाण्याची परीक्षा करण्यासाठी काचेवर काही थेंब वाळू द्यावेत. स्पष्ट पांढरे कडे उमटले, तर ते पाणी मोटारीवर वाळू देणे हानिकारक असते.

### धूळ आणि डांबर

काळी माती अतिशय बारीक कणांची असली, तरी रस्त्यावरील धुळीत गिट्टीचा चुरा व वाळू मिसळलेली असते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने मोटार पुसण्याच्या सवयीमुळे हेच कण रंगावरून घासले जातात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे सूक्ष्म ओरखडे पडतात. रस्त्याच्या नव्या थरावरून जाताना दारांच्या खालच्या भागावर डांबराचे ठिपके उडतात. अमरावती आणि अकोला यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड टाकण्यात आला व त्याची नोंद गिनीज विश्वविक्रमांत झाली. डांबराचे ठिपके खरवडून न काढता त्यासाठीच्या द्रावकाने मऊ करून टिपून घ्यावे लागतात.

## लेपांचे प्रकार

मेण : मोटारीसाठी वापरले जाणारे प्रमुख नैसर्गिक मेण ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळते. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. परंतु मोटारीच्या मेणात तेले व द्रावके मिसळलेली असल्याने ते त्याआधीच मऊ पडते. वऱ्हाडी उन्हाळ्यात मेणाचा थर काही आठवडेच टिकतो. तो लावणे सोपे असते आणि चूक झाल्यास पुसून टाकता येतो.

कृत्रिम सीलंट : हे सिलिकोन व इतर बहुवारिकांचे मिश्रण असते. ते मेणापेक्षा उष्णता अधिक सोसते आणि काही महिने टिकते.

सिरॅमिक लेप : हा सिलॉक्सेन किंवा पॉलिसिलाझेन वर्गातील द्रव असतो. हवेतील बाष्पाशी अभिक्रिया होऊन त्याचे सिलिकायुक्त कठीण जाळे बनते. योग्य तयारी केल्यास तो एक वर्ष ते काही वर्षे टिकतो. त्याची जाडी मात्र एक मायक्रॉनच्या आसपासच असते.

संरक्षक फिल्म : ही पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पट्टी असून 'पीपीएफ' या नावाने ओळखली जाते. उडालेल्या गिट्टीच्या माऱ्यापासून खरे संरक्षण या सर्व प्रकारांपैकी केवळ फिल्मच देऊ शकते.

## पूर्वतयारी

लेप ज्या पृष्ठभागावर बसतो, त्यालाच चिकटतो. रंगावर धूळ, जुने मेण किंवा पॉलिशचे तेल असेल, तर लेप त्या मळाला चिकटतो आणि मळाबरोबर निघून जातो. म्हणून पूर्वतयारीला प्रत्यक्ष लेपनापेक्षा जास्त वेळ लागतो. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. भरपूर पाण्याने धूळ वाहू देणे व त्यानंतरच शाम्पूने वरून खाली धुणे. धुण्यासाठी दोन बादल्या ठेवतात : एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी कापड खळखळून घेण्याची.

२. डांबर आणि लोहकण यांसाठीची द्रावणे वापरणे. लोहकणांशी अभिक्रिया होऊन द्रावण जांभळे होते.

३. ओलसर पृष्ठभागावर क्ले नावाचा मऊ गोळा हलक्या हाताने फिरवून रुतलेले कण उचलणे. जमिनीवर पडलेला गोळा पुन्हा वापरत नाहीत.

४. आवश्यक तेथेच आणि कमीत कमी पॉलिश करणे. लेपामुळे ओरखडे नाहीसे होत नाहीत. सिरॅमिक लेपाखाली ते लेपाच्या आयुष्यभर तसेच राहतात.

५. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाने पृष्ठभाग पुसून तेलाचा अंश काढणे.

कारखान्यातील रंग सुमारे १४० अंशांना भाजलेला असल्याने नव्या मोटारीवर लगेच लेप देता येतो. गॅरेजमध्ये पुन्हा रंगविलेल्या भागातून मात्र द्रावक काही आठवडे बाहेर पडत राहतो. त्या काळात त्यावर लेप देणे टाळतात.

## लेप चढविण्याची पद्धत

काम सावलीत, बंदिस्त व धूळविरहित जागेत आणि पत्रा हाताला थंड लागत असताना केले जाते. सिरॅमिक लेपाचे काही थेंब कापड गुंडाळलेल्या स्पंजवर घेऊन सुमारे दीड फूट लांबी-रुंदीच्या भागावर प्रथम आडवे, मग उभे असे फिरवितात. द्रावक उडू लागताच पृष्ठभागावर इंद्रधनुषी छटा दिसते. तेव्हा मायक्रोफायबर फडक्याने जास्तीचा लेप पुसून घेतात. हा जास्तीचा भाग तसाच राहिल्यास तो कडक होऊन काळपट पट्टे पडतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागते.

वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दुपारी द्रावक काही सेकंदांत उडतो, मात्र कोरड्या हवेत बाष्प कमी असल्याने लेप पक्का होण्यास वेळ लागतो. पावसाळ्यात याउलट लेप लवकर धरतो, परंतु तो पक्का होण्यापूर्वी पाण्याचे थेंब पडण्याचा धोका असतो. त्यामुळे दिवाळीनंतरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामास सर्वांत अनुकूल ठरतात. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेला घेतलेल्या मोटारीला थेट उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते. अशा मोटारीवरील काम पहाटे किंवा रात्री बंद जागेत करणे सोयीचे असते.

लेप दिल्यानंतर किमान एक दिवस मोटार कोरडी ठेवतात आणि सुमारे एक आठवडा शाम्पू वापरत नाहीत. लेपाची वाफ श्वासात जाऊ नये म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था आवश्यक असते.

## थरांचा क्रम

एकावर एक थर देताना टिकाऊ व घट्ट चिकटणारा लेप खाली आणि अल्पजीवी लेप वर, हा सर्वसाधारण नियम आहे. सीलंटवर मेण देता येते. मेणावर सीलंट दिल्यास ते रंगापर्यंत पोहोचत नाही. फिल्म बसवायची असल्यास ती प्रथम रंगावर बसवितात व सिरॅमिक लेप तिच्यावर देतात. उलट क्रमाने फिल्मचा गोंद निसरड्या लेपावर नीट धरत नाही.

सिरॅमिक लेपाचा दुसरा हात पहिला अंशतः वाळलेला असताना, उत्पादकाने सांगितलेल्या कालावधीतच द्यावा लागतो. पहिला थर पूर्ण पक्का झाल्यावर त्याचा पृष्ठभाग इतर द्रवांप्रमाणे नव्या लेपालाही दूर लोटतो. दुसऱ्या हाताचा मुख्य उपयोग पहिल्यात कोऱ्या राहिलेल्या जागा भरून निघणे हा होय. त्यापुढील प्रत्येक थराने होणारा लाभ झपाट्याने घटत जातो. सिरॅमिक लेपावर मेण दिल्यास बाह्य पृष्ठभाग मेणाचाच होतो आणि सिरॅमिकचे मळ झटकण्याचे गुण झाकले जातात.

## प्रचलित गैरसमज

'९ एच' कठीणपणा : ही संख्या पेन्सिलीने रेघ ओढून घेतल्या जाणाऱ्या चाचणीतील आहे. खनिजांच्या मोह्स मापनश्रेणीशी तिचा संबंध नाही. त्यामुळे असा लेप हिऱ्याच्या खालोखाल कठीण असतो, ही समजूत चुकीची आहे.

टेफ्लॉन लेप : टेफ्लॉन या व्यापारी नावाने प्रसिद्ध असलेल्या पदार्थाचा शोध रॉय प्लंकेट यांनी १९३८ मध्ये लावला. तव्यावर त्याचा थर बसविण्यासाठी ३०० अंशांहून अधिक उष्णता लागते. मोटारीचा रंग ती सोसू शकत नाही. या नावाने मोटारीवर दिला जाणारा लेप तव्यावरील थराप्रमाणे भाजून बसविलेला नसतो.

पाण्याचे गोल थेंब : थेंब गोलाकार होणे ही लेप शाबूत असल्याची खूण मानली जाते. परंतु थेंब उन्हात वाळले, तर प्रत्येक थेंबातील क्षार एकाच जागी साचतात. जड पाण्याच्या प्रदेशात लेप दिलेली मोटार न पुसता सोडणे म्हणूनच अधिक हानिकारक ठरते.

## देखभाल

लेप दिल्यावरही मोटार नियमित धुवावी लागते. शेवटच्या धुण्यासाठी कमी क्षारांचे, शक्य असल्यास साठविलेले पावसाचे पाणी वापरून मोटार लगेच कोरडी करणे, ही खारपाणपट्ट्यातील सर्वांत उपयुक्त सवय होय. क्षारांचे ताजे डाग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतात. त्यानंतर तो भाग स्वच्छ धुतात. पक्ष्याची विष्ठा ओल्या कापडाने भिजवून त्याच दिवशी उचलून घेतात. दसऱ्याच्या पूजेनंतर बॉनेटवरील अक्षता व कुंकू कोरड्या हाताने न झटकता पाण्याने वाहू देणे इष्ट असते. हळदीचा राहिलेला पिवळेपणा उन्हाने आपोआप फिका पडतो.

## मर्यादा

कोणताही द्रवरूप लेप गिट्टीचा आघात, पत्र्याला पडलेली पोच किंवा पारदर्शक थराच्या खाली गेलेला ओरखडा रोखू शकत नाही. सोललेला थर लेपाने पूर्ववत होत नाही. नियमित सावली, योग्य धुणे आणि कोरडे पुसणे टाळणे यांनी मिळणाऱ्या संरक्षणाला लेप पूरक असतो. त्यांची जागा तो घेऊ शकत नाही.