अंगठ्याचे बारा आठवडे

डेरेक बेलीच्या गिटारशी माझी झटापट जुनी आहे. तिला आवड म्हणायला अजूनही जीभ रेटत नाही. शेफिल्डमध्ये १९३० साली जन्मलेला हा माणूस आधी डान्स हॉलमध्ये, रेडिओवर, मोरकम आणि वाइजसारख्या विनोदवीरांच्या कार्यक्रमांत पोटापाण्यासाठी वाजवत होता. नंतर त्यानं ठेका, चाल, स्वरावली सगळं गुंडाळून ठेवलं आणि आयुष्यभर फक्त उत्स्फूर्त वादन केलं. त्याची १९७०ची इन्कस ही रेकॉर्ड कंपनी, उत्स्फूर्त वादकांचे 'कंपनी' नावाचे मेळावे हे सगळं जाणकारांना ठाऊक आहेच. मला अडकवलं ते 'कार्पल टनेल' या २००५च्या अल्बमनं.

बार्सिलोनात राहत असताना बेलीच्या उजव्या हातात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, धरवेना. मनगटातली नस दबली असावी, म्हणजे 'कार्पल टनेल'चा विकार, असं वाटलं. शस्त्रक्रियेला त्यानं नकार दिला. हात असा झालाय ना, मग याच हातानं काय निघतं ते बघू, असा त्याचा खाक्या. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर तो अंगठ्यानं आणि बोटानं तारा छेडायला नव्यानं शिकू लागला. पहिल्या ट्रॅकमध्ये तो गिटार वाजवता वाजवता हे सगळं बोलून सांगतो, आभारही मानतो. पुढच्या ट्रॅकची नावं म्हणजे नुसती नोंदवही: तीन आठवड्यांनंतर, पाच, सात, नऊ, बारा.

आता थोडं मागे जातो, कारण या अल्बमची किल्ली मला बेलीच्याच पुस्तकात सापडली. उत्स्फूर्त वादनावरच्या त्याच्या १९८०च्या पुस्तकाची सुरुवात आपल्या रागसंगीतापासून होते. सतारवादक विराम जसानी तिथं भेटतात. पण खरा ऐवज आहे बासवादक गॅव्हिन ब्रायर्सशी झालेल्या बोलण्यात. ब्रायर्स, ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि बेली हे १९६३पासून शेफिल्डमध्ये एकत्र वाजवत. त्रिकुटाला नाव दिलं जोसेफ होलब्रुक या इंग्रज संगीतकाराचं, आणि त्याचं संगीत मात्र ते वाजवत नसत! १९६६मध्ये ब्रायर्सनं उत्स्फूर्त वादनच सोडलं. त्याचा आक्षेप असा, की इथं वाजवणारा माणूस संगीतापासून वेगळा काढताच येत नाही. चित्राशेजारी चित्रकारही कायम उभाच. आपल्याच पुस्तकात आपल्यावरचा इतका नेमका आरोप छापायचा, हा बेलीचा दिलदारपणा की खट्याळपणा? मला दोन्ही वाटतं.

'कार्पल टनेल' ऐकताना ब्रायर्सचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. पिकची धार गेलेली, सुरांची टोकं बोथट, मधली अंतरं मोठी. हात बाजूला ठेवून हे संगीत ऐकताच येत नाही. फक्त ब्रायर्सला जो दोष वाटला, तोच मला या अल्बमचा जीव वाटतो. सवयींवर मात करायला बेली उभा जन्म झगडला. शेवटी शरीरानंच त्याच्या सगळ्या सवयी हिरावून घेतल्या, तर हा गडी तिथंही कामाला लागला.

ती दबलेली नस नव्हती. तो मोटर न्यूरॉनचा आजार होता. २५ डिसेंबर २००५ रोजी लंडनमध्ये बेली गेला.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी आधी २००२चा 'बॅलड्स' लावावा. अमेरिकन संगीतकार जॉन झॉर्नच्या आग्रहावरून बेलीनं त्यात जुनी लोकप्रिय गाणी वाजवली आहेत, पिक हातात धरून. त्यानंतर लगेच 'तीन आठवड्यांनंतर' ऐका. काय गेलं आणि काय उरलं, ते कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.