वजन, टोमणे आणि विसर
जाड आजोबांना नाव आठवेना, की ‘चरबी डोक्यात चढली’ अशी थट्टा होते. हाच वजन-कलंक (वजनावरून माणसाला कमी लेखणे). कल्पना करा: नावडे रोड रेल्वे स्थानकातून मालगाडी धडधडत जाताना शेजारच्याचे बोलणे अर्धेच कळते. कान मात्र शाबूत असतात. टोमण्यांच्या धास्तीनेही लक्ष असेच विस्कटते, आणि माणूस फिरणे, दवाखाना, कट्टा टाळू लागतो. जाडी म्हणजे मंद बुद्धी नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंश) टाळता येण्याजोगे 14 धोके आहेत. त्यांत मध्यमवयातला लठ्ठपणा आहे, तसे नैराश्य आणि सामाजिक एकटेपणाही. उलट, उतारवयात विनाकारण वजन घटणे हे कधीकधी स्मृतिभ्रंशाचे पूर्वलक्षण असते! विसर वाढला तर वजनकाट्याबरोबर श्रवण, थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-12ही तपासावे.