मुलांनी लिहावयाचे निमंत्रण

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातील ग्रंथवाचन असे कार्यक्रम आपल्या विहारांतून वर्षभर होतात. निमंत्रणाचा मजकूर मात्र एखादाच कार्यकर्ता लिहितो. बहुधा मागच्या वर्षीची पत्रिका काढून तारीख बदलली की काम भागते. हे काम पाचवी ते आठवीच्या मुलामुलींकडे सोपवावे, पण शिकवून सोपवावे.

त्यासाठी प. पू. बाबासाहेबांच्याच एका पत्राचा नमुना घेता येईल. धम्मदीक्षेचा दिवस ठरल्यावर सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांना पत्र लिहिले. समारंभ १४ ऑक्टोबरला नागपुरात होणार हे त्यात कळविले. आपण भारतातील सर्वांत ज्येष्ठ भिक्खू आहात, म्हणून हा विधी आपल्या हस्ते व्हावा, असे कारण दिले. वृद्धापकाळातील प्रवासाचा त्रास ओळखून विमानाने किंवा रेल्वेने आणण्याची सोय करू, न्यायला माणूस पाठवू, असे लिहिले आणि निमंत्रण स्वीकारता का ते कळवावे, अशी विनंती केली. एवढ्या मोठ्या माणसाच्या पत्रात हुकमाचा सूर कुठेही नाही. पाहुण्याची अडचण आधीच ओळखणे हीच खरी नम्रता, हे मुलांना यातून चटकन समजते. "आपल्या उपस्थितीने शोभा वाढवावी" असल्या वाक्यांतून ते समजत नाही.

मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. "सर्वांनी वेळेवर हजर राहावे" ही सूचना झाली. ती फळ्यावर शोभते. निमंत्रणात "आपण यावे ही विनंती" असे हवे. तारखेबरोबर वार लिहायला लावावा. बँकेत चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, कारण एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती उघडी पडते. वाराचा उपयोग तसाच. स्थळ म्हणजे नुसते "बुद्धविहार" नव्हे. कोणत्या बस थांब्यावर उतरायचे, कोणत्या शाळेमागे वळायचे, हेही हवे. आणि "ठीक ६ वाजता" हा शब्दप्रयोग आपल्या पत्रिकांत फार स्वस्त झाला आहे! बुद्धवंदना सात वाजता होणार असेल तर सात लिहावे. शेवटची गाडी पकडणाऱ्याला तो एक तास महाग पडतो.

नावांकडे विशेष लक्ष द्यावे. पाकिटावर घरातील पुरुषाचे नाव "आणि परिवार" म्हणून उरकू नये. बाईचेही पूर्ण नाव लिहावे, त्याआधी "आयुष्मती" लावावे. "सौ." आणि "गं. भा." या शब्दांनी बाईचा नवरा हयात आहे की नाही हे पाकिटावरच जाहीर होते. "आयुष्मती" सर्वांना सारखे. मुलांना हे एकदा सांगितले की पुरे, ती घरच्यांनाही दुरुस्त करू लागतात. सुरुवातीला "सप्रेम जयभीम" आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव व इयत्ता असावी.

पत्र तयार झाले की मुलाने ते स्वतः घरी नेऊन द्यावे. वस्तीतल्या एखाद्या आजींना वाचता येत नसेल तर तिथेच बसून वाचून दाखवावे. "जेवण आहे का रे?", "मला सोडायला कोण येणार?" असे काही त्या विचारतीलच. ते प्रश्न वहीत टिपून घ्यावेत आणि पुढचे निमंत्रण लिहायला बसताना ती वही समोर ठेवावी.